डोक्याला गोळी लागल्यावर: शस्त्रक्रिया, जगण्याची शक्यता आणि पुढचं आयुष्य (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न जखमींच्या घरच्यांचे आहेत. काही आयसीयूच्या दाराबाहेर उभ्या उभ्या विचारलेले, काही वर्षभराने फोनवर. कोकणात रानडुकराच्या मागावर असताना ठासणीच्या बंदुकीचा बार चुकून लागतो, गडचिरोलीच्या चकमकीत जवान जखमी होतो, शहरात कुणी गावठी कट्टा काढतो. प्रसंग वेगळे, पण घरच्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला आहे, कारण त्याचं उत्तर समजलं की पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

१. गोळी काढली का? आतच ठेवली असेल तर मग ऑपरेशन कशाचं केलं?

गोळीने करायचं ते नुकसान सेकंदाच्या हजाराव्या भागात करून टाकलेलं असतं. ऑपरेशन टेबलावर रुग्ण येतो तेव्हा ती निव्वळ धातूचा एक तुकडा असते. पुढच्या तासांत आणि दिवसांत जीव घेतात त्या तीन गोष्टी: आत साठणारं रक्त, मेंदूला येणारी सूज आणि जंतुसंसर्ग. शस्त्रक्रिया या तिघांविरुद्ध असते. वाटेत सहज हाती लागली तर गोळी काढतात. खोल रुतली असेल तर तिच्यापर्यंत जायला चांगल्या मेंदूतून वाट पाडावी लागते, आणि त्या वाटेवर कुणाचं बोलणं असतं, कुणाचा उजवा हात असतो.

पूर्वी असं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धापासून व्हिएतनामपर्यंत लष्करी शल्यविशारद हाडाचा कणन्‌कण काढायचा प्रयत्न करत, राहिला तर पुन्हा ऑपरेशन करत. त्या सैनिकांची पुढची वर्षं तपासली गेली, नंतर लेबनॉन आणि इराण-इराक युद्धातला अनुभव जमा झाला. जखम नीट बंद झाली असेल आणि मेंदूतलं पाणी (मेंदूभोवतीचा द्रव) गळत नसेल, तर खोल राहिलेल्या तुकड्यांमुळे संसर्ग फारसा वाढत नाही, असं त्यातून दिसलं. तेव्हापासून हात आखडता घेतला जातो. गोळी काढावीच लागते असे मोजके प्रसंग प्रश्न १२ मध्ये आहेत.

२. डोक्यात गोळी लागल्यावर माणूस वाचतो तरी का?

वाचतो, पण खरं ते सांगायला हवं. बहुतेक जखमी रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. जे जिवंत पोहोचतात त्यांच्यातलेही ढोबळमानाने निम्मे दगावतात. उरलेल्यांत मात्र पुन्हा चालणारे, बोलणारे, घर सांभाळणारे लोक असतात.

३० मार्च १९८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला. त्यात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी शिरली. दूरचित्रवाणीवर ते गेल्याची बातमीही दिली गेली. त्या वेळी त्यांच्यावर शस्त्रक्रिया चालू होती, आणि पुढे ते ३३ वर्षं जगले. ८ जानेवारी २०११ रोजी टक्सन शहरात खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यातून गोळी आरपार गेली, तेव्हाही हाच घोळ झाला. घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पहिल्या काही तासांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या बातमीवर विश्वास ठेवू नका आणि स्वतःही काही पुढे पाठवू नका.

३. एकाला कानाजवळ लागली तर तो वाचला, दुसऱ्याला कपाळावर लागली तर तो गेला. असा फरक का पडतो?

तीन गोष्टींमुळे: गोळीचा वेग, तिचा मार्ग आणि तो मार्ग मेंदूच्या कुठल्या भागातून गेला.

पिस्तुलाची गोळी साधारण सेकंदाला २५० ते ४०० मीटर वेगाने जाते, रायफलची ७०० ते ९०० मीटरने. वेग दुप्पट झाला की मारक ऊर्जा चौपट होते. वेगवान गोळी स्वतःच्या जाडीपुरतं भोक पाडून थांबत नाही. ती जाताना मेंदू क्षणभर चहूबाजूंनी ढकलला जातो आणि पुन्हा आपटतो. कवटी बंद पेटीसारखी असल्यामुळे त्या धक्क्याला बाहेर पडायला जागा नसते. म्हणून इजा गोळीच्या वाटेपासून दूरही सापडते.

मार्गाचे मुख्य प्रकार तीन. गोळी कवटीला घासून जाते. आत शिरते आणि तिथेच राहते. किंवा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. कधी कधी ती समोरच्या हाडावर आतून आपटून उलट फिरते, त्यामुळे आत शिरल्याची जागा आणि गोळीची जागा यांच्यामध्ये सरळ रेघ मारून चालत नाही.

मेंदूचे डावा-उजवा असे दोन अर्धगोल असतात. एकाच अर्धगोलात राहिलेली गोळी त्यातल्या त्यात बरी. मधली रेघ ओलांडून दोन्ही अर्धगोल छेदणारी, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांमधून जाणारी किंवा मेंदूच्या देठाला (श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या खालच्या भागाला) लागलेली गोळी फार वाईट. गिफर्ड्स यांची गोळी डाव्याच बाजूला राहिली, हे त्यांच्या वाचण्याचं एक मोठं कारण होतं.

४. घटना आमच्यासमोर घडली तर अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत काय करायचं?

आधी स्वतः सुरक्षित आहात का ते पाहा, मग १०८ ला फोन करा. श्वास चालू आहे का बघा. उलटी होत असेल किंवा तोंडात रक्त असेल तर मान आणि धड एकत्र ठेवून, दोघांनी मिळून कुशीवर वळवा. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून बेताने दाबा. हाड आत दबल्यासारखं लागत असेल तर जोर लावू नका. हळद, कॉफी पावडर, राख यांतलं काहीही जखमेत भरू नका, सगळं नंतर मेंदूतून धुऊन काढावं लागतं. बाहेर आलेला हाडाचा तुकडा उपटू नका. पाणी पाजू नका. अंगावर दुसरी जखम आहे का ते पाहा, कारण डोक्याकडे बघता बघता पोटातला रक्तस्राव नजरेतून सुटतो.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, जी तुमच्याशिवाय आम्हाला कुणीच सांगू शकत नाही. घटना किती वाजता घडली, त्यानंतर तो एक शब्द तरी बोलला का, आणि दोन्ही हातपाय हलवले का? यावर पुढचे कितीतरी निर्णय ठरतात.

५. पोलीस केस आहे, आधी पोलिसांना आणा, असं हॉस्पिटल म्हणू शकतं का?

नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी व खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. रुग्णालय एमएलसी (पोलीस केसची वैद्यकीय नोंद) नोंदवतं आणि पोलिसांना कळवतं, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत.

तुमच्याकडून एवढंच हवं: रक्ताळलेले कपडे धुऊ नका, फेकू नका, रुग्णालयाच्या ताब्यात द्या. शस्त्रक्रियेत गोळी निघाली तर तीही पुरावा असते. तिच्यावरच्या नळीच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून ती जपून धरतात आणि सीलबंद करून पोलिसांकडे देतात. आठवण म्हणून मागणारे लोक भेटतात. ती देता येत नाही.

६. पोहोचल्यावर लगेच ऑपरेशनला का घेत नाहीत? दोन तास नुसत्या तपासण्याच चालल्या आहेत.

त्या दोन तासांत उपचारच चालू असतात. मेंदूला प्राणवायू आणि रक्तदाब या दोन गोष्टी मिळाल्या नाहीत तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते. म्हणून आधी श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर, रक्त आणि रक्तघटक, सूज उतरवायला मॅनिटॉल किंवा तीव्र क्षाराचं सलाईन, अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन, फिट येऊ नये म्हणून औषध. जखमी मेंदूतून असे पदार्थ रक्तात जातात की रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. ती दुरुस्त न करता कवटी उघडली तर रक्तस्राव आवरत नाही.

मग सीटी स्कॅन. गोळी मोठ्या रक्तवाहिनीजवळून गेली असेल तर त्यासोबत रक्तवाहिन्यांचाही स्कॅन. एमआरआय मागू नका: धातूत पोलाद असेल तर चुंबकाने तो तुकडा मेंदूत हलू शकतो. सूज उतरावी म्हणून स्टेरॉइड द्या, असा आग्रहही धरू नका. डोक्याच्या गंभीर इजेत स्टेरॉइडने मृत्यू वाढतात, हे दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत सिद्ध झालं आहे.

७. डॉक्टर म्हणतात जीसीएस पाच आहे. पाच म्हणजे किती वाईट?

ग्लासगो कोमा स्केल ३ ते १५ असतो. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे गुण मिळून तो होतो. शून्य नसतोच, तीन हा तळ. १३ ते १५ वर आलेल्यांचं भवितव्य बहुधा चांगलं असतं. ३ ते ५ वर आलेल्यांतले बहुसंख्य जगत नाहीत, आणि दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होऊन प्रकाशाला हलत नसतील तर आशा फारच कमी.

पण हा आकडा कधी मोजला, हे विचारा. रक्तदाब पडलेला असताना, दारूच्या अमलाखाली किंवा भुलीचं औषध दिल्यावर मोजलेले पाच हे खरे पाच नसतात. रक्तदाब आणि श्वास सावरल्यावर पुन्हा मोजलेला आकडाच धरायचा. त्यातही हालचालीचे गुण सगळ्यात जास्त बोलतात: चिमटा काढल्यावर हात तिथे नेतो का, सांगितल्यावर बोट दाबतो का. गिफर्ड्स रुग्णालयात आल्या तेव्हा सांगितल्यावर हात दाबत होत्या.

८. 'ऑपरेशनचा उपयोग नाही' असं सांगितलं. आम्ही दुसरीकडे न्यावं का?

हा निर्णय कुठल्याही डॉक्टरला सोपा नसतो. सावरल्यानंतरही जीसीएस तीन, दोन्ही बाहुल्या निकामी, गोळी दोन्ही अर्धगोल आणि मेंदूचा देठ पार करून गेलेली, आणि आत काढता येण्याजोगी रक्ताची मोठी गुठळी नाही, असं सगळं एकत्र असेल तर शस्त्रक्रिया मृत्यू लांबवते, परत आणत नाही. याउलट जीसीएस कमी असूनही सीटीवर मोठी गुठळी दिसत असेल तर चित्र वेगळं: ती काढल्यावर रुग्ण वर येऊ शकतो.

माझं मत असं की हा निकाल पहिल्या तासात लावू नये. गिफर्ड्स यांच्यावर उपचार करणाऱ्या टक्सनच्या रुग्णालयाने सरसकट आशा न सोडता प्रत्येक रुग्णाला रक्तघटक, सूज उतरवणारी औषधं आणि गोठणशक्ती दुरुस्त करणारे उपचार जोरकसपणे द्यायला सुरुवात केली. डोक्यात गोळी लागून तिथे आलेल्यांच्या जगण्याचं प्रमाण २००८ मध्ये १० टक्के होतं, ते २०११ मध्ये ४६ टक्के झालं. शस्त्र तेच, मेंदू तेच. बदलला तो पहिल्या काही तासांतला निर्धार.

हलवण्याबद्दल: जिथे आहात तिथे न्यूरोसर्जन आणि सीटी नसेल तर जरूर न्या, पण आधी श्वासनळी सुरक्षित आणि रक्तदाब स्थिर करून, आणि पुढच्या रुग्णालयाशी डॉक्टरांचं आपसात बोलणं झाल्यावर. दोन्ही सोयी असतील तर सीटीची प्लेट दुसऱ्या न्यूरोसर्जनला दाखवून मत घ्या. रुग्णाऐवजी चित्र पाठवा.

९. ऑपरेशनमध्ये नेमकं काय काय करतात?

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आजही पाया तोच आहे. १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात हार्वे कुशिंग हे अमेरिकी शल्यविशारद बेल्जियमच्या आघाडीमागे जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. मेंदूत बोट घालून तुकडे चाचपण्याची तेव्हा पद्धत होती. कुशिंग यांनी त्याऐवजी मऊ रबरी नळी गोळीच्या वाटेत हलकेच सरकवून मेलेला, पातळ झालेला मेंदू ओढून घेतला, धुतला, हाडाचे तुकडे नळीच्या टोकाला लागतील तसे काढले आणि डोक्याची कातडी घट्ट शिवली. तीन महिन्यांत त्यांच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ५४.५ टक्क्यांवरून २८.८ टक्क्यांवर आलं. तेव्हा पेनिसिलिन नव्हतं, सीटी नव्हतं, रक्तपेढीही नव्हती.

आज साधारण असं होतं. केस काढून सगळं डोकं धुतात, कारण बाहेर पडण्याची छोटी जखम केसांत लपलेली असते. मेलेली, काळी पडलेली कातडी कापतात. जखमेभोवतीचं हाड मोठी खिडकी पाडून काढतात. गुठळी काढतात. गोळीच्या वाटेतला मेलेला मेंदू शोषून घेतात, जिवंत मेंदूला हात लावत नाहीत. वरवर असलेले केस, कापड, हाडाचे कण काढतात. रक्त थांबवतात.

त्यानंतरची पायरी नातेवाइकांना कधी सांगितली जात नाही आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे: मेंदूचं बाहेरचं जाड आवरण, ड्युरा, पाणी न गळेल असं बंद करणं. ते फाटलेलं असतं, म्हणून रुग्णाच्याच कवटीवरचा पातळ पडदा, कानशिलाच्या स्नायूवरचं आवरण किंवा मांडीतला पडदा घेऊन ठिगळ लावतात. गोळी कपाळातल्या हवेच्या पोकळीतून गेली असेल तर ती पोकळी नाकापासून कायमची बंद करतात. हे नीट झालं नाही तर काय होतं ते प्रश्न ११ मध्ये.

शेवटी डोक्यातला दाब मोजायला तार किंवा पाणी काढायला बारीक नळी ठेवतात. सूज मोठी असेल तर हाड परत बसवत नाहीत.

१०. अर्धी कवटी बसवलीच नाही. ते हाड पोटात ठेवलंय असं सांगतात. खरं आहे का?

खरं आहे. सुजलेल्या मेंदूला फुगायला जागा हवी, नाहीतर तो खाली देठावर दाबला जातो. काढलेलं हाड स्वच्छ असेल तर पोटाच्या कातडीखाली किंवा खोल गोठवणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवतात. चुरा झालेलं किंवा मळलेलं हाड टाकून द्यावं लागतं, आणि गोळीच्या जखमेत ते बऱ्याचदा तसंच असतं.

मलाला युसुफझाईचं उदाहरण बहुतेकांना माहीत आहे. ९ ऑक्टोबर २०१२ रोजी स्वात खोऱ्यात तिला गोळी लागली. ती मेंदूतून गेली नाही. डाव्या भुवईजवळून कातडीखालून खांद्याकडे गेली. तरी हाडाचे तुकडे आत घुसले आणि मेंदू सुजला. पेशावरच्या लष्करी डॉक्टरांनी कवटीचा तुकडा काढून पोटात ठेवला, आणि त्या निर्णयाने तिचा जीव वाचला. पुढे बर्मिंगहॅमला, २०१३ च्या फेब्रुवारीत, त्या जागी टायटॅनियमची पट्टी बसवली आणि डाव्या कानासाठी कॉक्लिअर इम्प्लांटही (ऐकू येण्यासाठी बसवायचं यंत्र) केलं. चेहऱ्याच्या नसेची वेगळी शस्त्रक्रिया झाली होती.

आपल्याकडे टायटॅनियमची जाळी, हाडाचं सिमेंट किंवा मापाने बनवलेलं प्लास्टिक वापरतात. संसर्गाचा जराही संशय असेल तर घाई नको. गोळीच्या जखमेत काही महिने थांबणं शहाणपणाचं. तोवर पलंगावरून उठताना हेल्मेट घालायचं आणि त्या बाजूवर झोपायचं नाही. सूज उतरल्यावर तिथली कातडी खड्ड्यासारखी आत जाते, बघवत नाही, पण ते अपेक्षित आहे. मात्र बसल्यावर डोकेदुखी, सुस्ती, एका बाजूची शक्ती कमी होणं आणि आडवं झाल्यावर बरं वाटणं, असं असेल तर डॉक्टरांना सांगा. कधी कधी हाड बसवल्यावर रुग्ण चकित व्हावं इतका सुधारतो.

११. गोळी तर तापलेली असते, मग जंतू मरत नाहीत का?

मरत नाहीत. गोळी तेवढी तापत नाही, आणि ती डोक्याची कातडी, केस, टोपीचे धागे सोबत घेऊन आत जाते. म्हणून अँटिबायोटिक पहिल्या तासापासून.

संसर्गाचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे मेंदूतलं पाणी गळत राहणं. नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं, घशात खारट लागणारं थेंब थेंब येत असेल, वाकल्यावर वाढत असेल, उशीवर डाग पडत असेल, तर ती सर्दी समजू नका. नाक शिंकरू नका, त्याच दिवशी दाखवा. ताप, मान आखडणं, जखमेतून पू आणि नव्याने येणारी गुंगी यांनाही हाच नियम. मेंदूतला गळू महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही होऊ शकतो.

१२. आत राहिलेल्या गोळीतलं शिसं अंगात भिनणार नाही का? ती पुढे काढावी लागेल का?

मेंदूच्या गाभ्यात रुतलेल्या गोळीभोवती व्रणाचं कवच तयार होतं आणि बहुतेक लोक तिच्यासह आयुष्य काढतात. शिशाची विषबाधा क्वचित होते; गोळी पाण्याच्या पोकळीत पडून राहिली असेल तर शक्यता थोडी वाढते. शंका असेल तर रक्तातलं शिसं तपासता येतं.

नंतर काढायची वेळ येते ती अशी: गोळी जागा बदलते (पोकळीतली गोळी डोकं वळवल्यावर खरोखर घरंगळते, म्हणून ऑपरेशनच्या सकाळी पुन्हा फोटो काढतात), पाण्याचा मार्ग अडवते, तिच्याभोवती गळू होतो, किंवा ती मोठ्या रक्तवाहिनीला टेकलेली असते. तांब्याचं आवरण असलेल्या गोळीभोवती मेंदूची प्रतिक्रिया जास्त होते, तेही ध्यानात घेतात.

डिस्चार्ज कार्डावर 'डोक्यात धातू आहे' असं ठळक लिहून घ्या. विमानतळावर यंत्र वाजलं तर ते दाखवता येतं, आणि पुढे कुणी एमआरआय सांगितला तर आधी ते कार्ड पुढे करा.

१३. तो शुद्धीवर आहे, आमच्याशी बोलतोय. तरी ऑपरेशन म्हणतात. का?

दोन शक्यता. गोळी घासून गेली असेल तर बाहेरून नुसती खरचटलेली चामडी दिसते, पण खाली हाडाची कपची मेंदूत गेलेली असते. किंवा आत गुठळी हळूहळू वाढते आहे आणि तो आत्ता बोलतोय तेवढाच वेळ आपल्या हातात आहे. बोलता बोलता बेशुद्ध होणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्या आधीची दहा मिनिटं घरचे सह्या करायच्या की नाही यावर वाद घालत होते.

याची उलट बाजूही खरी आहे. जखम छोटी, कातडी चांगली, सीटीवर गुठळी नाही, पाणी गळत नाही, तर नुसती जखम धुऊन शिवणं पुरतं. तिथे मोठं ऑपरेशन न करणं हाच योग्य उपचार.

१४. फिटची गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल?

पहिले सात दिवस सगळ्यांना देतात. एकही फिट आली नसेल तर पुढे चालू ठेवून काही साधत नाही. उशिरा येणारी फिट त्याने टळत नाही. पण उशिरा फिट येण्याचा धोका मोठा आहे. व्हिएतनाम युद्धात मेंदूत शिरलेल्या जखमा झालेल्या अमेरिकी सैनिकांपैकी ५३ टक्क्यांना पुढच्या पंधरा वर्षांत मिरगी झाली. म्हणून घरातल्या प्रत्येकाला फिट आल्यावर काय करायचं ते शिकवा: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, वेळ मोजा, पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णालयात. एक जरी उशिरा फिट आली तर औषध नियमित सुरू करतात आणि ते मनाने बंद करायचं नाही.

वाहन, विहीर, गच्चीचा कठडा आणि चुलीजवळचं एकट्याने काम, यांपासून डॉक्टर सांगेपर्यंत लांब. वाहन परवान्याच्या अर्जात मिरगीबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा.

१५. पुन्हा पहिल्यासारखा होईल का?

'पहिल्यासारखा' हा शब्द मी वापरत नाही. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, दीड-दोन वर्षं दिसत राहते, आणि त्यानंतरही सराव करणाऱ्यांमध्ये थांबत नाही.

कुठला भाग गेला यावर बरंच अवलंबून. डावी बाजू म्हणजे बहुतेकांची भाषा आणि उजवा हातपाय. गिफर्ड्स यांना सगळं समजत असे, पण शब्द सापडत नसे. ह्यूस्टनच्या पुनर्वसन केंद्रात त्यांनी गाण्याच्या आधाराने शब्द परत मिळवले, कारण सुरांची वाट मेंदूत वेगळीकडूनही जाते. ऑगस्ट २०११ मध्ये त्या मतदानासाठी सभागृहात आल्या, आणि जानेवारी २०१२ मध्ये उपचारांवर लक्ष देण्यासाठी त्यांनी खासदारकी सोडली. दोन्ही गोष्टी एकाच रुग्णाच्या आहेत, हे सांगण्यासाठी हे उदाहरण देतो. आपल्याकडे ज्याला अभंग, आरती, लावणी पाठ आहे त्याच्याबरोबर रोज म्हणा. नुसतं 'बोल, बोल' म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. अर्थात वाचा-उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली.

मेंदूचा मागचा भाग गेला तर डोळे चांगले असूनही एका बाजूचं दिसत नाही. रुग्ण ताटातली अर्धी भाजी ठेवतो आणि घरचे म्हणतात जेवत नाही. कपाळामागचा भाग गेला तर चालतो, बोलतो, पण माणूस बदलतो: चिडतो, वाटेल ते बोलतो, किंवा काहीच करावंसं वाटत नाही. पत्नीला आणि आईला हेच सगळ्यात जड जातं, आणि बाहेरचे म्हणतात 'आता तर बरा दिसतोय'. तो मुद्दाम करत नाही. इजेचाच हा भाग आहे, त्यालाही उपचार आहेत, आणि सांभाळणाऱ्यालाही विश्रांती लागते.

अपंगत्व राहिलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. ४० टक्क्यांपासून बरेच लाभ सुरू होतात.

१६. पंधरा दिवस चांगला होता, घरी जाणार होता, आणि अचानक रक्तस्राव झाला. चूक कुणाची?

बहुधा कुणाचीच नाही. गोळीने किंवा हाडाच्या कपचीने रक्तवाहिनीची भिंत अर्धवट फाटते, तिथे हळूहळू फुगा तयार होतो आणि तो फुटतो. पहिल्या स्कॅनमध्ये तो अजून झालेलाच नसतो. म्हणूनच चेहऱ्याकडून किंवा कानशिलातून शिरलेल्या जखमांत दोन-तीन आठवड्यांनी रक्तवाहिन्यांचा तपास पुन्हा करतात. तो सांगितला असेल तर 'आता बरा आहे' म्हणून टाळू नका.

१७. मुलाला जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीचा छर्रा लागला. खेळण्याच्या बंदुकीने काय होतं?

ती खेळणं नाही. जवळून मारलेला छर्रा डोळ्याच्या खोबणीतून किंवा कानशिलाच्या पातळ हाडातून लहान मुलाच्या मेंदूत जाऊ शकतो. जखम टाचणीएवढी दिसते आणि मूल रडून शांत होतं. छर्रा बाहेर पडलेला सापडला नसेल, तर सीटी होईपर्यंत तो आत आहे असंच धरा.

१८. ब्रेन डेड सांगितलं. पोलीस केसमध्ये अवयवदान होतं का?

होतं. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून मेंदूमृत्यू जाहीर करतं. पोलीस केसमध्ये तपास अधिकारी आणि न्यायवैद्यक डॉक्टरांचीही संमती लागते. ती मिळवण्याचं काम रुग्णालयाचा समन्वयक करतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे अवयवदानाची विभागीय केंद्रं आहेत. 'नाही' म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि त्यामुळे आधीच्या उपचारांत काहीही कमी केलं जात नाही.

१९. त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वाचला आहे. शुद्धीवर आल्यावर काय बोलायचं? केस होईल का?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरतात. त्याला शिक्षा नाही, उपचार आणि पुनर्वसन द्यायचं आहे. एमएलसी मात्र नोंदवली जाते.

'का केलंस' हे पहिल्या दिवशी विचारू नका. 'तू आहेस, आम्हाला बरं वाटतंय' एवढं पुरे. जखम भरण्याची वाट न बघता मानसोपचार तज्ज्ञ आयसीयूतच बोलवा. मेंदूच्या इजेनंतर नैराश्य वेगळ्या कारणानेही येतं, त्यामुळे धोका दुहेरी असतो. घरी जाण्याआधी हत्यार घरातून कायमचं बाहेर. टेली-मानस १४४१६ ही चोवीस तासांची मोफत सेवा मराठीतही आहे, आणि ती नातेवाइकांसाठीही आहे.

२०. जखमी वर्षांनंतर त्याच इजेमुळे गेला तर?

ब्रेडी ४ ऑगस्ट २०१४ रोजी गेले. न्यायवैद्यक तपासणीत मृत्यूचं कारण १९८१ ची गोळी ठरलं आणि तो मनुष्यवध म्हणून नोंदवला गेला. इतक्या वर्षांनी इजा आणि मृत्यू यांचा धागा जोडता येतो तो कागदपत्रांमुळे. पहिल्या दिवसाचे केसपेपर, एमएलसी क्रमांक, सगळ्या सीटीच्या सीडी आणि प्लेट, शस्त्रक्रियेची नोंद, फिट आल्याच्या तारखा यांची एक फाइल करा आणि सीडी मोबाईलवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, कारण प्लेट पावसाळ्यात एकमेकींना चिकटतात.